कमळ गळलं तर चालेल

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: थुंकीच्या नमुन्यावर घरातल्या सगळ्यांची जनुक चाचणी, रविवारपर्यंत सवलत. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले, "करून टाकू का?"

"शोधायचंय काय?"

"सगळंच!"

सगळंच शोधायला गेलं की 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेले बदल हाती येतात. त्यांवर उपचार ठरत नाहीत, झोप मात्र उडते.

आता हे बघा. पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या फुगीर, रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, हजारोंच्या घरात. डॉक्टरांच्या मनात नाव येतं ते डुशेन या स्नायूविकाराचं. जनुकही ठाऊक आहे, डिस्ट्रोफिन. इथे चाचणी करायचीच.

या जनुकात ७९ एक्झॉन, म्हणजे अर्थपूर्ण तुकडे, आहेत. पेशी त्यांतली अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते. 'मगन कमळ उचल परत' घ्या. यातला एकटा 'ग' गळाला, तर 'मनक मळउ चलप रत'. पुढचं सगळंच बरळणं. पण 'कमळ' अख्खं गळालं, तर 'मगन उचल परत'. वाक्य तोकडं, तरी वाचता येतं. म्हणूनच फक्त ५० वा एक्झॉन गळाला (अक्षरं १०९, तीनने भाग जात नाही) तर डुशेन होतो. ४५ ते ५५ असे अकराच्या अकरा गळाले, तर तीन-तीनची चौकट टिकते आणि सहसा याच विकाराचा सौम्य, बेकर प्रकार दिसतो. जास्त गमावून कमी नुकसान! मला याचं अजूनही नवल वाटतं.

साधारण दोन तृतीयांश रुग्णांत अख्खे एक्झॉनच गळालेले असतात. म्हणून आधी एमएलपीए, म्हणजे एक्झॉनची मोजदाद. तिथे काही सापडलं नाही, तर एकेक अक्षर वाचणारं सिक्वेन्सिंग. स्नायूचा तुकडा काढणं मग बहुतेकदा टळतं.

(एकनाड म्हणजे प्राचीन जनुकशास्त्र, असं ऐकवणाऱ्यांसाठी: हा दोष आईकडच्या एक्स गुणसूत्रावरून येतो आणि सुमारे एक तृतीयांश वेळा नव्यानेच उपजतो. पत्रिका कितीही जुळो.)

मुलाचा दोष कळला की आईची तपासणी, आणि आई वाहक निघाली तर मावशीचीही. तिच्यासाठी अख्खं जनुक धुंडाळावं लागत नाही. भाच्यात सापडलेली नेमकी गळती आहे की नाही, एवढंच बघायचं. काकांच्या सवलतीपेक्षा बहुधा स्वस्तात.