पुण्यातील प्रदेशनिष्ठ कलाप्रदर्शने

पुणे शहर आणि भोवतालचा मुलूख, म्हणजे टेकड्या, घाट, नद्या, माळराने, तिथले पशुपक्षी आणि माणसे, हाच विषय धरून भरणारी चित्रांची, छायाचित्रांची आणि क्वचित शिल्पांची प्रदर्शने. त्यांना एकच असे रूढ नाव नाही. निमंत्रणपत्रिकेवर कधी ‘निसर्गचित्रे’ छापलेले असते, कधी ‘वन्यजीव छायाचित्रे’, कधी ‘वारी’. बोलताना सगळ्यांनाच नुसते ‘प्रदर्शन’ म्हणतात. मूळ मात्र बहुतेकांचे एकच आहे, ते म्हणजे पायपीट. पहाटे टेकडी चढायची, सुट्टीला गड करायचा, आषाढवारीत दिवे घाट माउलींबरोबर चालायचा, या सवयी पुण्यात जुन्या आहेत. पाठपिशवीत वही किंवा कॅमेरा गेला की वर्षा-दोन वर्षांनी त्याचे प्रदर्शन होते.

या परंपरेचा आरंभ दाखवायचा तर अठराव्या शतकाच्या अखेरीस जावे लागते. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील (म्हणजे राजदूत) चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करीत असे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचे त्याने १७९० च्या सुमारास काढलेले चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. गेंडा पुणे परगण्यातला नव्हे, हे खरे. पण चित्र समोर पाहून काढलेले आहे. पोथीतल्या चित्रासारखे ठरीव वळण त्याला नाही, जनावराच्या कातडीच्या घड्या त्यात मोजून घ्याव्यात अशा उतरल्या आहेत. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने काढली, शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली. वेल्सबरोबर गंगारामने लेणी पाहून त्यांची रेखाटने केली. १७९५ मध्ये वेल्स वारला आणि ते शिक्षण तिथेच खुंटले. ही चित्रे त्या काळात भिंतीवर लागली नाहीत, मॅलेटच्या संग्रहातून परदेशी गेली. म्हणजे पुण्याच्या पहिल्या प्रदेशचित्रकाराचे प्रदर्शन पुणेकरांना पाहायला मिळालेच नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र सामान्य घरांत पोचले ते छापखान्यामुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना काढला. तिथल्या रंगीत चित्रांत देवदेवता पुढे आणि डोंगर-झाडे मागे असत. निसर्ग पार्श्वभूमीतून पुढे यायला बराच काळ लागला. त्यात शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांचा आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांचा वाटा कलाइतिहासात फारसा नोंदला जात नाही. पावसाळी दिवस, आठवड्याचा बाजार, पाणवठा ही स्मरणचित्रे काढतच पिढ्या वाढल्या. पुढे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातून चित्रकार बाहेर पडू लागले आणि जागेवर बसून चित्र काढण्याची शिस्त शहरात पसरली.

प्रदर्शनाला हक्काची जागा दिली ती बालगंधर्व रंगमंदिराने. २६ जून १९६८ रोजी उघडलेल्या या वास्तूत वरच्या मजल्यावर कलादालन आहे. नाटकाच्या मध्यंतरात जिना चढून चित्रे पाहून येणारा प्रेक्षक हा या दालनाचा खरा आश्रयदाता. तो प्रदर्शन पाहायला म्हणून घरून निघालेला नसतो. घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेतले सुदर्शन कलादालन, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि गोखलेनगर भागातले दर्पण कलादालन ही आणखी काही ठिकाणे. मुंबईतल्या जहांगीर कलादालनात आठवडाभर चित्रे लागतात. पुण्यात तीन-चार दिवस, शक्यतो शनिवार-रविवार धरून, असा रिवाज आहे. एखाद्या दिवशी प्रात्यक्षिक असते. चित्रकार पाऊण तासात ओंकारेश्वराचे देऊळ उभे करतो आणि बघ्यांची गर्दी भिंतीवरच्या चित्रांपेक्षा तिथेच जास्त होते. दाराशी अभिप्रायाची वही असते. ‘अप्रतिम’ हा शब्द तीत पानोपानी सापडतो.

चित्रांत पुण्याचे माध्यम जलरंग. त्याचे एक कारण व्यवहाराचे आहे: कागदाचा बोर्ड आणि रंगांची पेटी दुचाकीवरून नेता येते, ओल्या कॅनव्हासचे तसे नाही. दुसरे हवेचे. जूनअखेर ते सप्टेंबर घाटमाथ्यावर धुके, ओला कातळ आणि भातखाचरांचे हिरवे असे काही एकमेकांत मिसळते की ओल्या कागदावर रंग सोडणाऱ्याला वेगळे शोधावे लागत नाही. तोच कातळ मार्च-एप्रिलमध्ये काळा-तांबूस होतो आणि उन्हाने डोंगराच्या पायऱ्या मोजता येतात. लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या सह्याद्रीचा हा सपाट माथ्यांचा आकार इथल्या चित्रांत सतत भेटतो. रवी परांजपे (१९३५–२०२२) यांच्या लयदार, सजावटी मांडणीत आणि मिलिंद मुळीक यांच्या झपाट्याच्या जलरंगात हा मुलूख अगदी भिन्न दिसतो. शहरातल्या ठरलेल्या जागा म्हणजे कसब्यातले वाडे, तुळशीबाग, मंडई, मुठेकाठचे घाट, वानवडीची शिंदे छत्री. आणि जरा लांब वाईजवळचा मेणवली घाट.

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. या चित्रांतला वाडा नेहमी रिकामा आणि उन्हात असतो. दारातली दुचाकी, केबलच्या तारांचे जाळे, ‘नो पार्किंग’ची पाटी ब्रश आपोआप गाळतो. पाडायला काढलेल्या वाड्याचे शेवटचे चित्रही असेच नटवलेले असते. वेताळ टेकडीवरून पुणे काढणारे पुष्कळ, पण खालच्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या आणि सौर बंबांच्या रांगा काढणारे थोडे. गिऱ्हाईक कौले विकत घेते, टाकी घेत नाही, हे चित्रकारांचे उत्तर असते आणि ते खोटे नाही.

वन्यजीव छायाचित्रांचा पसारा डिजिटल कॅमेऱ्यानंतर वाढला. जिल्ह्यातच विषय पुष्कळ आहेत. भीमाशंकर अभयारण्यात (१९८५) राज्यप्राणी शेकरू, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा, सासवड-दौंड-बारामतीच्या गवताळ माळावर लांडगा, जुन्नरच्या उसात बिबट्या. कवडीपाटाला मुळा-मुठेच्या फेसाळ, घाण पाण्यावर हिवाळी बदके उतरतात. छायाचित्रात फेस कधी कापलेला असतो, कधी मुद्दाम ठेवलेला, आणि त्यावरून छायाचित्रकाराचा पिंड ओळखता येतो. सर्वांत लोकप्रिय ठिकाण भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब हे हंस, चित्रबलाक हे करकोचे जमतात. कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार होड्यांतून पाहुण्यांना फिरवतात. पक्षी कुठे बसेल, उजेड कोणत्या अंगाने हवा, होडीचे इंजिन केव्हा बंद करायचे, हे सगळे नावाड्याला कळते. चित्राखालच्या चिठ्ठीवर मात्र लेन्सचे नाव येते, नावाड्याचे क्वचितच. घरट्यावरची छायाचित्रे अनेक ठिकाणी आता स्वीकारत नाहीत. पिलांना त्रास देऊन काढलेल्या चित्रांवर आक्षेप येऊ लागले तेव्हापासून हा संकेत रुजला. माळाची बाजू अजून दुबळी आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, ही सरकारी कागदांतली समजूत प्रेक्षकांच्या डोळ्यांतही असते, आणि वाघाच्या चित्रापुढे थांबणारा माणूस लांडग्याच्या चित्रापुढून चालत जातो.

माणसांच्या चित्रांत पहिला मान वारीचा. ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्काम करतात, एक भवानी पेठेत, दुसरी नाना पेठेत. मग माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडकडे जाते. वळणावळणांवर दाटलेल्या पताकांचे वरून घेतलेले छायाचित्र इतक्यांनी इतक्या वेळा घेतले आहे की घाटातले ते ठिकाण पायांनी मळलेल्या जागेवरूनच ओळखू येते. वेगळी वाट धरणाऱ्यांत छायाचित्रकार संदेश भंडारे यांचे नाव घ्यावे लागते. वारी आणि तमाशा या दोन्हींकडे त्यांनी पालावरच्या, मुक्कामाच्या, चूल पेटवण्याच्या वेळी पाहिले. कॅम्पात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. तिथे आणि शहरातल्या जत्रावजा विक्री-प्रदर्शनांत वारली चित्रे दिसतात. तांदळाच्या पिठाने लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी लिहायचा चौक, म्हणजे देवीचे चौकोनी चित्र, इथे कापडी पिशवीवर उतरतो. चित्रकाराला त्यातून पैसा मिळतो, चौकातली देवी मात्र पिशवीवर येत नाही.

दालनाबाहेरही प्रदेश मांडला जातो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, त्यालाच जोडून मुलांची चित्रकला स्पर्धा असते. २०१७ च्या पुणे बिएनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात शहरातल्या रोजच्या जागाच विषय होत्या. आणि दिवाळीतला किल्ला तर कोणत्याही दालनापेक्षा जुना म्हणावा इतका घराघरांत मुरलेला. कलेच्या नोंदींत तो येत नाही, यावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विटा-दगडांवर गोणपाट टाकून वर चिखल लिंपायचा, मोहरी किंवा अळीव पेरून चार-पाच दिवसांत रान उगवायचे, खाली शेत, विहीर, बाजारपेठ मांडायची. सोसायट्यांतली मोठी मुले सिंहगड, राजगड, तोरणा नकाशा समोर ठेवून करतात. राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला चुकला तर पाहायला आलेले काका थांबून सांगतात. गल्लोगल्ली स्पर्धा लागतात, परीक्षक येतात, किल्लेदार गडाचा इतिहास एका दमात म्हणून दाखवतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मोहरी पिवळी पडते. मग माती कुंड्यांत परत जाते, मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, आणि शिवाजी महाराजांची मूर्ती वेगळ्या डब्यात.