पीअर-टू-पीअर फाइल शेअरिंग

मध्यवर्ती सर्व्हरवर फाइल न ठेवता संगणकांनी ती थेट एकमेकांकडून घेण्याची पद्धत. इथे प्रत्येक संगणक घेतो तसा देतोही, आणि फायदे-धोके दोन्ही त्यातूनच निघतात.

१९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरच्या फाइली लोकांच्या संगणकांवर होत्या, पण त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तो सर्व्हर बंद झाला आणि सेवाच संपली. ग्नुटेलाने (२०००) मध्यवर्ती यादीच काढून टाकली. ब्रॅम कोहेन यांच्या बिटटॉरंटने (२००१) फाइलचे तुकडे केले.

बिटटॉरंटचे डाउनलोड ज्या छोट्या टॉरंट फाइलने सुरू होते, तिच्यात मूळ मजकूर नसतो. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, असतो. ४ जीबीच्या फाइलचे १ एमबीचे ४,०९६ तुकडे होतात. प्रत्येकी २० बाइट धरले तर सगळे ठसे ८० केबीत मावतात. टॉरंट फाइलऐवजी वापरायच्या मॅग्नेट लिंकमध्ये तर या माहितीचाच एक ठसा असतो. ही फाइल कोण घेत-देत आहे हे ट्रॅकर हा सर्व्हर सांगतो; ट्रॅकर नसेल तर सहभागी संगणकांत विखुरलेली डीएचटी ही नोंदवही. आलेल्या तुकड्याचा ठसा जुळला नाही तर तो टाकून पुन्हा मागवला जातो.

सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी घ्यायचा, हा नियम फार मोलाचा आहे. तो तुकडा जवळ असलेला एकमेव संगणक बंद पडला, की बाकी सगळ्यांचे डाउनलोड अडते. ९९ टक्क्यांवर थांबलेल्या डाउनलोडचे कारण बहुधा हेच. अशा वेळी क्लायंटमधला (डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅममधला) ‘उपलब्धता’ हा आकडा पाहावा: तो १ पेक्षा कमी असेल, तर जोडलेल्या सगळ्यांकडे मिळूनही पूर्ण फाइल नाही. राहिलेले तुकडे असलेला कोणी, बहुधा पूर्ण प्रत असलेला सीडर, येईपर्यंत वाट पाहण्याला पर्याय नाही. कोणाला द्यायचे हे क्लायंट साधारण दर १० सेकंदांनी ठरवतो. जे जास्त देतात त्यांना आधी. नवख्याकडे देण्यासारखे काहीच नसते, म्हणून दर ३० सेकंदांनी एक जागा कोणालाही दिली जाते.

ठसा जुळला म्हणजे फाइल सुरक्षित, हा समज घातक आहे. टॉरंट बनवणाऱ्याने जे ठेवले तेच आले, एवढेच ठसा सांगतो. त्यानेच व्हायरस घातला असेल तर तोही अचूक पोहोचतो. व्हिडिओच्या नावापुढे शेवटी ‘.exe’ (ईएक्सई) असेल तर तो व्हिडिओ नसून प्रोग्रॅम असतो; फाइल उघडू नये. विंडोजमध्ये ते दिसण्यासाठी एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. सॉफ्टवेअर असेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावरच्या ठशाशी ताडून पाहावे.

जोडलेल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता दिसतो. डाउनलोड चालू असतानाच आलेले तुकडे इतरांना जात असतात, त्यामुळे कॉपीराइट असलेली फाइल विनापरवाना घेणारा बहुतेक वेळा तिचा वितरकही ठरतो. हा पत्ता लपवणारी व्हीपीएन सेवा वापरली, तरी ती मध्येच तुटली तर खरा पत्ता उघडा पडतो. क्लायंट व्हीपीएनच्याच नेटवर्क इंटरफेसला (जोडणीला) बांधून ठेवला तर हे टळते. जुन्या प्रोग्रॅममध्ये आख्खे फोल्डर शेअर होत असे आणि घरची खासगी कागदपत्रेही बाहेर जात. अपलोडला मर्यादा नसेल तर ब्राउझिंगही रखडते, कारण डाउनलोडची पोच देणारे छोटे संदेश अपलोडच्या रांगेत अडकतात. मर्यादा अपलोड वेगाच्या सुमारे ८० टक्के ठेवावी.