घडीचा त्रिकोण आणि कातरीचा त्रिकोण

वैशाखात मालवण-कुडाळकडच्या कुठल्याही वाडीत जा, व्हाळाच्या बाजूच्या कातळावर गोधड्या वाळत घातलेल्या दिसतील. मिरगाआधी त्या धुऊन, कडक उन्हात तापवून घरात आल्या पाहिजेत, नाहीतर पावसाळाभर कुबट वास जात नाही. आमच्या आजीची गोधडी अशीच कातळावर पसरलेली असताना मी पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्या चारही कडांना त्रिकोण होते आणि त्यांतला एकही कापलेला नव्हता. चौकोनी तुकडा कर्णावर दुमडलेला, घडी दर्शनी बाजूला, उघड्या कडा पुढच्या तुकड्याखाली सारलेल्या.

या उन्हाळ्यात आमच्याकडे चौघी-पाचजणी मिळून त्रिकोणी ब्लॉकची, म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेल्या चौकोनांची, गोधडी करायचं ठरलं आहे. वहीत आखणी सुरू झाली तेव्हा मला ती कड आठवली. आपला त्रिकोण घडीचा आणि ब्लॉकच्या गोधड्यांच्या पुस्तकातला त्रिकोण कातरीचा, हा फरक कळला की पुढचं सगळं नियोजन बदलतं.

आधी आपल्याकडचं. गोधडीचं मूळ कापड म्हणजे विरलेलं नऊवारी लुगडं. ते मध्ये झिजतं, काठ मात्र मजबूत राहतो. म्हणून विरलेला भाग थरांसाठी आत जातो, काठ आणि चांगले तुकडे वर येतात. खणाच्या चोळ्या, कुंच्या, झबली शिवून उरलेल्या कातरणीही वरच लागतात. ओटी भरताना खणाची त्रिकोणी घडी घालतात, त्यामुळे ही घडी बायकांच्या हाताला लहानपणापासून सवयीची. गोधडीवर ती कधी उतरली याची नोंद कोण ठेवणार, पण हात तेच आहेत.

घडीमागे शिवणकामातलं शहाणपणही आहे. कापड तिरकं कापलं की उरेब कड तयार होते. तिथे ताणा आणि बाणा दोन्ही तिरके पडतात, कड रबरासारखी ओढली जाते आणि त्रिकोणाचं टोक वाकतं. मी एकदा तिरकी पट्टी ओढून ओढून शिवत होते तेव्हा आजी म्हणाली होती, "ओढू नको गो, वाकडा जातला मगे." दुमडलेल्या त्रिकोणाची उरेब बाजू घडीतच मिटलेली असते, धागे सुटत नाहीत. वर शिलाईसाठी वेगळी जागा सोडायचा हिशेब नाही. तुकडा ठेवायचा आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे जायचं.

याच किनारपट्टीला लागून, घाटावरच्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून. त्यांची बोली कोकणीच्या घरातली. कवंदी एका कोपऱ्यातून सुरू होते, कडेकडेने फिरत आत येते, आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांचे थर बसतात. त्यांना ‘फुलां’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी नागडी, असं त्या मानतात. आजीच्या कडेतले त्रिकोण पाहिले की मला ही फुलां आठवतात.

पुढे कापड बदललं. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं गिरणगावात जाऊ लागली. गणपती-शिमग्याला येणारे चाकरमानी तुकड्यांची गाठोडी आणत. आमच्या गोधडीतली फुलाफुलांची चीट तशीच आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती वाट आटली. त्याआधीच टेरिलीन घरात शिरलं होतं. ते घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि गोधडी कधी मऊ पडत नाही. गोधडी मागे पडण्यात आळसाचा भाग थोडा, सुती लुगडं नाहीसं होण्याचा मोठा, असं माझं ठाम मत आहे.

तुकडे कापून जोडणंही आपल्याला परकं नाही. मगधातली भातशेती दाखवून बुद्धाने आनंदाला तशा मांडणीचं चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, करायला सांगितलं, असं विनयपिटक या बौद्ध ग्रंथात आहे. आपल्या कुणग्यांकडे, भातशेतीच्या तुकड्यांकडे, टेकडीवरून पाहा, चीवर डोळ्यांसमोर येतं. पण जोडलेल्या त्रिकोणांचे ब्लॉक वाढले ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, पुठ्ठ्याचा साचा आणि कातर घेऊन. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा कटर आणला, तेव्हा हे काम पट्टीवर झपाट्याने होऊ लागलं.

त्या पद्धतीत उरेबवर काढलेला तोडगा मला फार आवडतो. एक फिका आणि एक गडद चौकोन सुलट्या बाजू आत करून ठेवायचे, कर्ण आखायचा, रेषेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिलाई मारायची आणि मग रेषेवर कापायचं. दोन ब्लॉक हातात येतात आणि उरेब कड कापली जाण्याआधीच बांधलेली असते. तयार ब्लॉक ६ इंचांचा हवा तर चौकोन ६ इंच ७ सुतांचा (आठ सूत म्हणजे एक इंच) घ्यावा लागतो. सरळ शिलाईत दोन बाजूंचा मिळून अर्धा इंच जातो, तिरक्या शिलाईत त्याहून जास्त, म्हणून हे सात सूत.

आमचा हिशेब असा: ६० बाय ९० इंचांसाठी १५० ब्लॉक, म्हणजे ७५ फिके आणि ७५ गडद चौकोन. ४४ इंच पन्ह्यात एका पट्टीतून सहा निघतात, म्हणून प्रत्येक रंगाच्या तेरा पट्ट्या. आटणं धरून प्रत्येक रंगाचं अडीच मीटर सुती कापड, आधी धुऊन घेतलेलं. आतल्या थरांना मात्र जुनी लुगडीच. आणि कडेला आजीसारखे दुमडलेले त्रिकोण, कोपऱ्यापासून सुरुवात करून.