अल्बम बैठक (एक्स्ट्रीम मेटल), सोलापूर

एक्स्ट्रीम मेटल म्हणजे हेवी मेटलचे सर्वांत कर्कश, टोकाचे रूप. त्याचा एखादा अल्बम चौघा-पाचांनी मिळून पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचा आणि मग त्यावर वाद घालायचा, याला अल्बम बैठक म्हणता येईल. डेथ मेटल, ब्लॅक मेटल, ग्राइंडकोर आणि डूमचे अतिसंथ प्रकार या संगीतात मोडतात. त्याच्या मोठ्या मैफलींसाठी सोलापूरकराला पुणे (सुमारे २५० किमी), मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते. त्यामुळे इथल्या रसिकाची गाठ पडते ती मुख्यतः ध्वनिमुद्रणाशी. साहजिकच वादही रंगमंचावरच्या कर्तबापेक्षा मिक्सिंग (वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणे), मास्टरिंग (त्यावरून अंतिम प्रत, म्हणजे 'मास्टर', बनवणे) आणि एकूण 'प्रॉडक्शन' यांवर जास्त रंगतात. बोलणे मराठीत सुरू होऊन तेलुगू-कन्नडात शिरते; रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिजलद ठेका), ग्राउल (गुरगुरत गाणे) हे शब्द मात्र तसेच राहतात.

आवृत्ती

कोणती आवृत्ती ऐकली हे आधी ठरले नाही तर अर्धा तास फुकट जातो. 'डेथ' या बँडचा 'ह्यूमन' १९९१ मध्ये आला. २०११ च्या आवृत्तीत त्याचे मिक्सिंग नव्याने झाले. एकाने जुना आणि दुसऱ्याने नवा ऐकला असेल तर ड्रम पुढे आहेत की मागे यावर दोघेही खरे बोलत असतात आणि तरी भांडतात. नव्या मास्टरमधला आवाज जुन्या सीडीपेक्षा ५-६ डेसिबलने चढा असणे सर्रास आढळते, आणि कानाला चढा आवाज नेहमीच 'भरीव' वाटतो. म्हणून तुलना करताना चढी आवृत्ती खाली आणून दोन्हींचा आवाज सारखा करावा. हे केले की नव्या मास्टरची निम्मी जादू ओसरते. इअरेक या रेकॉर्ड कंपनीने मॉर्बिड एंजल या बँडच्या 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस'सह (१९८९) काही जुने अल्बम 'फुल डायनॅमिक रेंज' या नावाने, न दाबलेल्या चढउतारांसह पुन्हा काढले. शंका असेल तिथे तीच आवृत्ती लावावी.

नेपाम डेथ या बँडच्या 'स्कम'बाबत (१९८७) तर तबकडीची बाजूही सांगावी लागते. पहिली बाजू १९८६ मध्ये आणि दुसरी १९८७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. दोन्हीकडे सामाईक माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. 'मला स्कम आवडतो' म्हणणाऱ्याला लगेच 'कुठली बाजू?' असे विचारले जाते. याच अल्बमवर १.३१६ सेकंदांचे 'यू सफर' आहे. नवख्यासमोर ते लावण्याचा विनोद आता फारच शिळा झाला आहे.

फाइल १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ असेल तर झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा सळसळतो आणि दोष बिचाऱ्या ध्वनिमुद्रकाला लागतो. ३२० केबीपीएस पुरते. १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलून काही परत येत नाही.

खोली आणि स्पीकर

गिटारची सर्वांत खालची तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२.४ हर्ट्झवर असते; कार्कससारखे बँड ती बी स्वरावर, म्हणजे ६१.७ हर्ट्झपर्यंत उतरवतात. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर बहुधा ८०-१०० हर्ट्झच्या खाली मुका होतो. मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा सूर ताडतो, त्यामुळे रिफ ओळखू येतो, पण त्याचे वजन नाहीसे होते. उलट डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) मुळातच चारच आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या (फोर-ट्रॅक) यंत्रावर, कोरड्या-किनऱ्या आवाजात उतरवलेला. छोट्या स्पीकरवर त्याचे फारसे बिघडत नाही. अशा स्पीकरवरच्या बैठकीत ब्लॅक मेटल जिंकतो आणि डेथ मेटल हरतो. त्या निकालाला काही अर्थ नाही.

दुसरी अडचण स्लॅबच्या घराची: फरशी, गिलावा, वर काँक्रीट. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम) सोळाव्या मात्रांत, म्हणजे ठोक्याला चार आघात असा, चालला की सेकंदाला १३ पेक्षा जास्त आघात होतात. खोलीचा घुमारा अर्धा सेकंद टिकत असेल तर एका वेळी सहा-सात आघात एकमेकांवर चढतात आणि ऐकणारा म्हणतो, 'नुसता गोंगाट आहे राव'. उपाय घरातच सापडतो. सोलापुरी चादरीची दुहेरी घडी स्पीकरसमोरच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटे दूर टांगावी. गादी उभी करून कोपऱ्यात लावावी. चादर फक्त वरचे स्वर शोषते, खालची घुमघुम तिला आवरत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो, पंखा बंद करण्याचा आग्रह कोणी धरू नये. पण डूम अल्बममधले शांत भाग त्या घरघरीत बुडतात, म्हणून असे अल्बम थंडीसाठी राखलेले बरे.

ऐकण्याची रीत

एका संध्याकाळी दोन अल्बम पुरेत. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) जेमतेम २९ मिनिटांचा; त्याच्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम होता. त्यामुळे सुरुवातीला तो सोयीचा. तिसऱ्या अल्बमपर्यंत कान थकतात, वरचे स्वर बोथट ऐकू येतात आणि त्या बिचाऱ्या अल्बमवर अन्याय होतो. मध्ये पंधरा मिनिटे पूर्ण शांतता हवी. चहा चालेल, गाणे नको. पहिल्या फेरीत गीते वाचू नयेत. वाचत ऐकले की ग्राउल स्पष्ट असल्याचा भास होतो. प्रत्येकाने बोलण्याआधी दोन-तीन मुद्दे कागदावर लिहावेत आणि अल्बम सुचवणाऱ्याने शेवटी बोलावे. तो आधी बोलला की बाकीचे एक तर माना डोलावतात, नाही तर मुद्दाम विरोध करतात.

वादाचे विषय

स्टॉकहोमचा आवाज की फ्लोरिडाचा, हा वाद सर्वांत जुना. एन्टूम्ड या बँडचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला. त्याचा करवतीसारखा गिटार-आवाज बॉस एचएम-२ या पेडलमधून (गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पेटीतून), सगळी बटणे पूर्ण फिरवून निघाला. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतला आवाज त्यामानाने कोरडा आणि रेखीव. इथे 'कुठला चांगला' हा प्रश्नच चुकीचा आहे. पेडल रिफमधले बारकावे गिळते, म्हणून त्या बँडनी रिफच तसे साधे, जाड ठेवले. गुंतागुंतीच्या वादनाचा 'टेक्निकल' डेथ मेटल त्या पेडलमधून वाजवला तर चिखल होतो.

माणूस आणि कलाकृती वेगळी काढता येतात का, यावर मात्र आवाज खरोखर चढतो. नॉर्वेच्या मेहेम या बँडच्या 'डे मिस्टेरिस डॉम साथानास'वर (१९९४) गिटार यूरोनिमसची आणि बास व्हार्ग विकर्नेसची. अल्बम बाहेर येण्यापूर्वी, ऑगस्ट १९९३ मध्ये, दुसऱ्याने पहिल्याचा खून केला होता. हे ठाऊक नसलेल्याला आधी सांगावे आणि मग अल्बम लावावा.

भारतीय अल्बमांत मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' (२०१७) हमखास निघतो. मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम मराठी श्रोत्याला पाठ असल्याने चर्चा कथेकडे घसरते. अशा वेळी तोच ट्रॅक पुन्हा लावून फक्त ड्रमवर बोलायचे, एवढा एकच इलाज आहे.

रात्री दहानंतर निवासी भागात ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल असते, तेव्हा पुढची फेरी हेडफोनवर. एका जॅकला दुभाजक लावून दोन हेडफोन जोडताना दोघांचे ओहम (विद्युत रोध) सारखे असावेत. एक ३२ आणि दुसरा २५० ओहमचा असेल तर एकाच्या कानठळ्या बसतात आणि दुसऱ्याला ऐकूच येत नाही. ९० डेसिबलला आठवड्याला चार तास ही कानांसाठीची मर्यादा आहे. ८० डेसिबलला चाळीस तास मिळतात.