ख्रिस्ती श्रद्धेत भीती किती आणि प्रीती किती, थोडी पार्श्वभूमी

मत्तयच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो की शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका, जो आत्मा आणि शरीर दोन्हींचा नरकात नाश करू शकतो त्याला भ्या. आणि लगेच पुढे चिमण्यांचं बोलणं येतं, दोन चिमण्या पैशाला विकल्या जातात तरी बापाला सोडून त्यातली एकही खाली पडत नाही, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, तेव्हा भिऊ नका. म्हणजे एकाच दमात "भ्या" पण आहे आणि "भिऊ नका" पण. त्यामुळे हा धर्म भीतीवर उभा आहे की प्रेमावर, हा प्रश्न कुणी बाहेरून टाकलेला नाही, तो घरातलाच आहे आणि घराइतकाच जुना आहे. नीतिसूत्रांत परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीतीत भीती नसते, पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. दोन्ही वचनं एकाच बायबलात, आणि दोन्ही चर्चमध्ये वाचली जातात.

यावर पहिलं मोठं उत्तर दिलं ऑगस्टीनने, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. योहानाच्या याच पत्रावर प्रवचनं देताना तो म्हणतो भीती दोन प्रकारची असते. दोन बायका आहेत, एक नवऱ्याशी बेइमान आणि एक एकनिष्ठ, दोघी नवऱ्याला भितात, पण पहिलीला भीती आहे तो घरी येईल याची आणि दुसरीला भीती आहे तो सोडून जाईल याची. पहिली भीती शिक्षेची, ती प्रेम वाढलं की गळून पडते, दुसरी प्रेमातूनच येते म्हणून ती राहते. मला वाटतं या विषयावर इतकं नेमकं फार कमी लोक बोललेत.

पण खरी अडचण पण इथेच सुरू होते. "प्रेम कर आणि मग तुला हवं ते कर" हे त्याचं प्रसिद्ध वाक्य याच प्रवचनांतलं, आणि ते त्याने म्हटलं ते शिस्त लावण्याच्या संदर्भात, बाप मुलाला मारतो तेही प्रेमानेच अशा अर्थाने. त्याच सुमारास डोनाटिस्ट नावाच्या फुटलेल्या गटावर सरकारी दंड आणि जबरदस्ती चालू होती आणि ऑगस्टीनने एका पत्रात ती योग्य ठरवली, येशूच्या दृष्टांतातला धनी म्हणतो ना की लोकांना आत येण्यास भाग पाडा, तो आधार घेऊन. भीतीने आधी आत आणा, प्रेम नंतर आपोआप येईल. पुढची हजारेक वर्षं चर्चच्या हातात सत्ता होती तिथे तिथे हा युक्तिवाद कामाला आला, माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात जड वळण हेच.

मध्ययुगात भीतीचं वजन वाढत गेलं, चर्चच्या भिंतींवर शेवटच्या न्यायाची चित्रं, अंत्यविधीत क्रोधाच्या दिवसाचं गाणं, त्यात १३४७ नंतर प्लेगने युरोपातली निदान तिसरा हिस्सा माणसं नेली. शुद्धिस्थानातली, म्हणजे मेल्यावर स्वर्गाआधी पापं शुद्ध होण्याच्या जागेतली, शिक्षा कमी करून देणारी क्षमापत्रं पैसे घेऊन वाटणंही वाढत गेलं. या वातावरणात मार्टिन लुथर वाढला. १५०५ च्या जुलैत श्टोटर्नहाइमजवळ वीज शेजारी पडली तेव्हा घाबरून त्याने संत अ‍ॅनाला नवस केला की वाच​लो तर मठात जाईन, आणि खरंच गेला. तिथे तो तासन्‌तास पापकबुली करत बसायचा, एवढं करूनही एखादं पाप राहिलं तर, ही धास्ती जायची नाही. म्हातारपणी १५४५ मध्ये त्याने स्वतः लिहून ठेवलं की पाप्यांना शिक्षा करणाऱ्या त्या न्यायी देवावर माझं प्रेम नव्हतं, मी त्याचा द्वेष करत होतो. मठातल्या दिवसांबद्दल तो हे लिहितो! रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं की देवाचं न्यायीपण हे कृपेने फुकट मिळणारं दान आहे, आणि तिथून पुढे १५१७ चं, क्षमापत्रांना त्याने जाहीर विरोध केला ते, सगळं प्रकरण समजतं. तरी भीती त्याने टाकून दिली नाही. १५२९ च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहाही आज्ञांचा अर्थ सांगताना सुरुवात होते ती आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी अशी, दोन्ही शेजारी शेजारी.

कॅथलिकांतही वाद मिटला नाही, नरकाच्या भीतीने केलेला पश्चात्ताप पुरतो की त्यात देवावरचं प्रेम थोडं तरी हवंच यावर पंडित इतके भांडले की १६६७ मध्ये पोप सातव्या अलेक्झांडरने एकमेकांना दोषी ठरवायला बंदी केली, निर्णय मात्र दिला नाही. अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स या पाळकाचं १७४१ चं एन्फिल्डचं प्रवचन, आगीवर लटकणाऱ्या कोळी किड्याचं, सगळ्यांना माहीत असतं, लोक किंचाळू लागल्याने त्याला मध्येच थांबावं लागलं. पण याच माणसाने १७३८ मध्ये बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या प्रीतीवरच्या अध्यायावर पूर्ण प्रवचनमाला दिली होती आणि तिचा शेवट स्वर्ग म्हणजे प्रेमाचं जग असा होता, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे दोन्ही बाजू दिसतात. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेत चुकणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मधली काही वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत, "आत येण्यास भाग पाडा"चंच ते रूप. आणि त्याच गोव्यात, राशोलला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत, लोकांच्या कानाला गोड लागेल असं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्याआधी लंडनच्या फुलहॅमला त्यांनी सिस्टर्सचं, म्हणजे जोगिणींचं, काम पाहिलं होतं, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते, त्यांनी विचारलं हे का करता, तर उत्तरादाखल शोमरोनी बाईची, विहिरीवर येशू जिच्याशी तिचं आयुष्य माहीत असूनही बोलला तिची, गोष्ट ऐकायला मिळाली. नरकाच्या धाकापेक्षा हे फार वेगळं दार. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची सामूहिक जागृती, झालं त्यात मुली पापाच्या जाणिवेने रडरड रडल्या हेही खरं, त्यामुळे रमाबाईंच्या इथे फक्त प्रेमच होतं असं म्हणणं सोपं पडेल पण पूर्ण होणार नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं थोडं निराळं. १८९५ चा त्यांचा बाप्तिस्मा, पण ते स्वतः सांगायचे की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. वारकऱ्यांच्या घरात देव माउली असतो, धाक नसतो असं नाही पण तो आईचा धाक, आणि टिळकांच्या अभंगांत ख्रिस्तही तसाच माउली होऊन येतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती, म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण ही ज्या रेषेवर सगळी भीती उभी असते तीच त्यांनी सैल केली. त्यांना वेळ कमी मिळाला, १९१९ मध्ये ते गेले.