क्षपणात नेमकं घटतं काय?

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून ठेवला की थोड्या वेळात त्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावण फिकट, हिरवट होत जातं. लोखंडाचं ऑक्सिडीकरण झालं, तांब्याचं क्षपण झालं, असं वर्गात सांगतात. पण या व्यवहारात ऑक्सिजनचा हात कुठेच नाही. शिवाय ‘क्षपण’ म्हणजे घट; तांब्याला तर इलेक्ट्रॉन मिळाले, मग घट कसली?

घट मुळात वजनाची. कोळशासोबत भट्टीत घातलेल्या खनिजातून निघणारा धातू खनिजापेक्षा हलका भरायचा. इंग्रजीतल्या ‘रिडक्शन’चं लॅटिन मूळ आहे ‘परत आणणं’, म्हणजे मातीमोल दिसणाऱ्या पदार्थातून धातू परत मिळवणं. आपल्या ‘क्षपण’ शब्दात घट तेवढी उतरली, परतणं राहून गेलं.

गंमत म्हणजे हे परतणं आपल्या रसशास्त्राला, म्हणजे धातूंपासून औषधं करणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेला, चांगलं ठाऊक होतं. धातूचं भस्म करण्याला तिथे ‘मारण’ म्हणतात. मेलेला धातू खरंच मेला का, हे पाहायला भस्मात गूळ, गुंज, मध, तूप आणि टाकणखार हे ‘मित्रपंचक’ घालून ते मुशीत तापवायचं. धातू पुन्हा दिसला तर भस्म कच्चं. नाही दिसला तर ‘अपुनर्भव’, म्हणजे पुन्हा धातू न होणारं. भस्म ऑक्साइडचं असेल, तर गूळ-तुपातला कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढू पाहतो. म्हणजे ही क्षपणाचीच परीक्षा.

युरोपात अठराव्या शतकात जर्मन वैद्य श्टाल याच्या ‘फ्लॉजिस्टन’चा बोलबाला होता. पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन निघून जातं, असं मानत. मग भाजलेल्या धातूचं वजन वाढतं कसं? फ्लॉजिस्टनला उणे वजन असावं, इथपर्यंत काहींची मजल गेली!

1 ऑगस्ट 1774 रोजी इंग्लंडमध्ये रसायनज्ञ प्रीस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची लाल राख तापवली. निघालेल्या वायूत मेणबत्ती भगभगून जळली. ऑक्टोबरात पॅरिसला जेवणाच्या टेबलावर त्याने हे फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएला सांगितलं. लाव्हाझिए तराजूचा माणूस. त्याने बंदिस्त हवेत पारा 12 दिवस तापवत ठेवला. 50 घन इंच हवेतली सातआठ घन इंच नाहीशी झाली आणि पाऱ्यावर लाल कण जमले. ते 45 ग्रेन (वजनाचं जुनं छोटं माप) कण वेगळे काढून जास्त तापवले, तर साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत आला आणि जवळपास गेली होती तेवढीच हवाही. जाणं आणि येणं, दोन्ही एकाच तराजूत तोललं गेलं.

नाव देताना मात्र तो चुकला. सगळी आम्लं या वायूमुळेच होतात असं समजून त्याने ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्लजनक, हे नाव ठेवलं. 1810 मध्ये इंग्रज रसायनज्ञ डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवलं. म्हणजे हायड्रोजन आणि क्लोरीनच्या बनलेल्या मिठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक आम्लात) ऑक्सिजन नव्हताच. नाव मात्र टिकलं.

1897 मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि पुढे व्याख्या त्यावर बेतली गेली: इलेक्ट्रॉन देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण. शब्द जुनेच राहिले.

आता तो खिळा. लोखंडाचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतो आणि ते घेऊन तांब्याचा एक अणू खिळ्यावर बसतो. वजनाने लोखंडाच्या 56 भागांच्या जागी तांब्याचे साडेत्रेसष्ट भाग येतात. थर गळू न देता खिळा वाळवून तोलला, तर तो आधीपेक्षा जड भरतो.