पीयूईचा घोळ आणि सर्व्हरची टाकाऊ उष्णता

सर्व्हर थंड ठेवायला त्यात पाणी खेळवणं ही एआयच्या काळातली टूम नव्हे. 1960च्या दशकातले बडे मेनफ्रेम संगणकही पाण्यावरच थंड होत. 1985च्या क्रे-2 महासंगणकाची सर्किटं तर थेट फ्लुओरोकार्बन द्रवात बुडालेली असत. पुढे 1990च्या दशकात जास्त वीज खाणाऱ्या बायपोलर जातीच्या चिप मागे पडल्या, कमी विजेवर चालणाऱ्या सीमॉस चिप आल्या, विजेची भूक एकदम उतरली आणि पंख्यांवर भागू लागलं. यंत्रखोलीतले नळ निघाले.

सर्व्हरची उष्णता पाण्यातून काढून वापरण्याच्या आजच्या चर्चेचं मूळ मात्र 2010मध्ये आहे. झुरिचच्या एका विद्यापीठातल्या अ‍ॅक्वासार या संगणकात चिपला थंड करायला सोडलेलं पाणी होतं सुमारे 60 अंश सेल्सियसचं. गरम पाण्याने थंड करायचं, हे ऐकायला विचित्रच. पण चिप 80 अंशांच्या आसपासही तग धरते आणि पाणी तिला खेटून वाहत असल्यामुळे तेवढा फरक पुरतो. पाणी गार करणाऱ्या चिलर यंत्राची गरज संपते, परतीचं पाणी इमारत उबदार ठेवायला जातं. हवेवरच्या सर्व्हरमागून येणारा झोत साधारण 35 अंशांचा असतो. उष्णता तेवढीच, पण इतकी कोमट की तिचं तापमान चढवणारा हीट पंप लावल्याशिवाय सहसा कुणी घेत नाही.

तरीही हे तंत्र रेंगाळलं. माझ्या मते त्यात पीयूई या आकड्याचा वाटा मोठा. 2007पासून रूढ झालेलं हे गुणोत्तर म्हणजे डेटा सेंटरची एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज. गोम अशी, की सर्व्हरच्या पोटातले पंखे आयटीत मोजले जातात. समजा एकूण वीज 1300 किलोवॅट, आयटी 1000, म्हणजे पीयूई 1.30. पाणी आणून 80 किलोवॅटचे पंखे काढले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर 1220 भागिले 920, म्हणजे जवळपास 1.33. वीज वाचली आणि प्रगतिपुस्तक बिघडलं! प्रत्यक्षात चिलरचा खर्चही घटतो म्हणून निकाल इतका वाईट लागत नाही, पण पंख्यांच्या बचतीचं श्रेय कुठेच दिसत नाही. शिवाय बाहेर दिलेली उष्णता या हिशेबात येतच नाही. ती वजा करणारं ईआरई हे वेगळं गुणोत्तर 2010मध्ये मांडलं गेलं. जाहिरातींत मात्र पीयूईच मिरवत राहिला.

मग एआयच्या रॅक, म्हणजे सर्व्हरनी भरलेली कपाटं, आल्या. एकेका रॅकला 120 किलोवॅटच्या आसपास वीज लागू लागल्यावर वादच मिटला. एवढी उष्णता हवेने उपसणं जमेना.

नियमही आले. 2023च्या युरोपीय निर्देशानुसार 1 मेगावॅटहून मोठ्या डेटा सेंटरांनी टाकाऊ उष्णता वापरात आणायची, पण तांत्रिक किंवा आर्थिकदृष्ट्या शक्य नसेल तर सूट. त्याच वर्षीच्या जर्मन कायद्याने जुलै 2026पासून सुरू होणाऱ्या केंद्रांना 10 टक्के ऊर्जेच्या पुनर्वापराची अट घातली, जुलै 2028पासूनच्यांना 20 टक्के. अपवाद तिथेही आहेत. आणि उन्हाळ्यात घरं तापवणारं कुणी नसतं, तेव्हा तेच पाणी छतावरच्या कूलरकडे वळतं.